नाव कोणाचे? ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ची फूट, १९८५-८६

जानेवारी १९८६मध्ये इंग्लंडात ‘द सिस्टरहुड’ नावाचे दोन बँड होते. एक लंडनच्या क्लबात वाजवत होता. दुसऱ्याची तबकडी दुकानांत लागली होती. दोन्ही लीड्सच्या ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’तून फुटून निघालेले. फेब्रुवारी संपेपर्यंत पहिल्याने हे नाव टाकले आणि नवे घेतले.

गॉथिक रॉकच्या इतिहासात हा प्रसंग भांडण म्हणून सांगितला जातो आणि चूक कोणाची यावर चाहते आजही हिरिरीने वाद घालतात. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. बँडचे नाव ही मालमत्ता असते. तिची वाटणी तोंडी समजुतीवर सोडली की प्रत्येक टप्प्यावर कोणते पर्याय उरतात आणि कोणते हातचे जातात, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. माणसे सार्वजनिक जीवनातली आणि घटना जाहीर असल्यामुळे नावे बदललेली नाहीत.

पार्श्वभूमी

अँड्र्यू एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स यांनी १९८०मध्ये लीड्समध्ये बँड सुरू केला. नाव लेनर्ड कोहेनच्या एका गाण्यावरून घेतले. ‘द डॅमेज डन’ ही पहिली सिंगल, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी, त्याच वर्षी ‘मर्सिफुल रिलीज’ या त्यांच्याच लेबलवर, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या संस्थेतर्फे, निघाली. हे लेबल पुढे एल्ड्रिचच्या हाती राहिले. चिन्हही तेव्हापासूनचे: पाच टोकांचा तारा आणि त्यात ‘ग्रेज ॲनॅटमी’ या शरीररचनेच्या ग्रंथातल्या आकृतीवरून घेतलेले सोललेले डोके.

त्या पहिल्या तबकडीवर ड्रम एल्ड्रिचनेच वाजवले होते. लवकरच त्याने काठ्या ठेवल्या, मायक्रोफोन घेतला आणि ड्रमच्या जागी यंत्र बसवले. यंत्राचे नाव ‘डॉक्टर ॲव्हलांश’. सुरुवातीला ते बॉस कंपनीचे डीआर-५५ होते. हे छोटे, स्वस्त यंत्र ‘डॉक्टर ऱ्हिदम’ या नावाने विकले जाई. पुढे रोलंडची यंत्रे आली, मग ओबरहाइमचे डीएमएक्स आले. दरवेळी पेटी नवी, डॉक्टर मात्र तोच. आतला माल पूर्ण बदलला तरी नाव चालू राहते, हे या बँडने आपल्या ड्रमवादकावरच करून पाहिले होते. पुढे जे घडले त्याच्या संदर्भात ही गोष्ट क्षुल्लक नाही.

१९८१मध्ये बेस गिटारवर क्रेग ॲडम्स आणि दुसऱ्या गिटारवर बेन गन आले. गन १९८३मध्ये गेला आणि त्याच्या जागी लिव्हरपूलच्या ‘डेड ऑर अलाइव्ह’मधून वेन हसी आला. तोवर ‘ॲलिस’ (१९८२) आणि ‘टेंपल ऑफ लव्ह’ (१९८३) या सिंगलांनी स्वतंत्र लेबलांच्या जगात बँडचा दबदबा तयार केला होता. १९८४मध्ये डब्ल्यूईए या मोठ्या कंपनीशी करार झाला, पण तबकडीवर ‘मर्सिफुल रिलीज’ची मोहर कायम राहिली. ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज’ हा पहिला अल्बम मार्च १९८५मध्ये आला आणि खपाच्या ब्रिटिश यादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेला.

या अल्बमवरची श्रेयनामावली नीट वाचण्यासारखी आहे. चाली मुख्यतः हसी आणि मार्क्स यांच्या, शब्द मुख्यतः एल्ड्रिचचे. म्हणजे श्रोत्याला ओळखू येणारा आवाज, लेबल आणि चिन्ह एकाकडे, तर चालींचा मोठा साठा इतरांकडे. ‘सिस्टर्स’ म्हणजे नेमके कोण, याची दोन प्रामाणिक उत्तरे त्या अल्बमच्या पाकिटावरच छापलेली होती.

फूट

अल्बम बाजारात आल्यावर महिन्याभरातच, एप्रिल १९८५च्या सुरुवातीला, सहसंस्थापक गॅरी मार्क्स बाहेर पडला आणि पुढे त्याने ‘घोस्ट डान्स’ हा बँड काढला. उरलेल्या तिघांनी दौरा चालू ठेवला. १८ जून १९८५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला. त्याचे चित्रीकरण ‘वेक’ या नावाने निघाले. वेक म्हणजे मृताजवळचा रात्रभराचा जागर. नाव नेमके लागू पडले.

दुसऱ्या अल्बमची तयारी हॅम्बुर्गमध्ये सुरू झाली, कारण एल्ड्रिच तिकडे राहायला गेला होता. हसीकडे नव्या चाली तयार होत्या. ‘गार्डन ऑफ डिलाइट’ त्यांतलीच. पण आता एल्ड्रिच स्वतः गाणी रचू लागला होता आणि हसीच्या बऱ्याच चाली त्याला नको होत्या. जुनी कामाची वाटणी, म्हणजे चाली तुमच्या आणि शब्द माझे, इथे मोडली. आधी ॲडम्स निघाला, पाठोपाठ हसी.

निघताना एक समजूत होती, असे बँडच्या इतिहासात सर्वत्र सांगितले जाते: बँड मोडला तर ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ हे नाव कोणीच वापरायचे नाही. वरवर पाहता ही वाटणी न्याय्य वाटते. पण तिच्यात दोन भोके होती. मिळत्याजुळत्या नावांचे काय, याबद्दल ती गप्प होती. आणि ‘कोणीच नाही’ हे किती काळ, हेही ठरलेले नव्हते. पहिल्या भोकातून १९८६ साली एक बाजू गेली आणि दुसऱ्यातून १९८७ साली दुसरी.

कायदा तेव्हा काय देत होता

पुढचे निर्णय समजून घ्यायचे तर हा भाग टाळता येत नाही.

इंग्लंडच्या १८९०च्या भागीदारी कायद्यानुसार नफ्यासाठी एकत्र धंदा करणारे लोक कागद नसला तरी भागीदार ठरतात. चौघांनी गाडी भाड्याने घेतली, वाजवले, पैसे वाटून घेतले, की झाली भागीदारी. मुदत ठरलेली नसेल तर कोणीही नोटीस देऊन ती संपवू शकतो. नाव आणि त्यामागचे गुडविल, म्हणजे धंद्याने कमावलेला लौकिक, भागीदारीचे असते, कोणा एकाचे नसते. वेगळे काही ठरले नसेल तर वाटे समान.

हे तत्त्व बँडच्या नावाला कसे लागू होते, ते ‘सॅक्सन’ या यॉर्कशरच्याच हेवी मेटल बँडच्या खटल्यात २००३मध्ये उच्च न्यायालयाने सविस्तर सांगितले. बाहेर पडलेल्या दोन वादकांनी नावाची ट्रेडमार्क नोंदणी करून घेतली होती. न्यायाधीश लॅडी यांनी ती अवैध ठरवली. नाव त्या वेळच्या भागीदारीचे होते, सुट्या सदस्यांचे नव्हते, आणि मधल्या काळात गायक बायफर्डने ते सतत वापरून नवा लौकिक उभा केला होता. पण १९८६मध्ये हा निकाल कोणाच्या हाताशी नव्हता.

नोंदणीचा मार्गही तेव्हा अर्धवटच होता. १९३८च्या ट्रेडमार्क कायद्याखाली फक्त वस्तूंसाठी नोंदणी होई. सेवांसाठी, म्हणजे कार्यक्रम करणे, करमणूक देणे यांसाठी, ब्रिटनमध्ये नोंदणी सुरू झाली ती १ ऑक्टोबर १९८६ रोजी. त्यामुळे जानेवारीत भांडणाऱ्या बँडला ‘मंचावर हे नाव आमचे’ असे नोंदवून ठेवणे शक्यच नव्हते. तबकड्यांसाठी नोंदणी करता आली असती, पण तिला वेळ लागतो.

मग उरतो ‘पासिंग ऑफ’चा दावा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याची तक्रार. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नावाला बाजारात लौकिक आहे, समोरच्याच्या वागण्याने गिऱ्हाइकाची फसगत होते, आणि त्याने आपले नुकसान होते. तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तर असा हुकूम केव्हा द्यायचा हे ठरवणाऱ्या १९७५च्या ‘अमेरिकन सायनामिड’ निकालाच्या कसोट्या लागतात. अर्जदाराला हमीही द्यावी लागते: हुकूम चुकीचा ठरला तर समोरच्याचे नुकसान मी भरून देईन. समोरचा बँड दौऱ्यावर असेल तर ही हमी छातीत धडकी भरवणारी असते, कारण रद्द झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे तिच्यात येतात.

पहिला निर्णय: हसी आणि ॲडम्स

दोघांनी लीड्सच्या ‘रेड लॉरी यलो लॉरी’मधला ड्रमवादक मिक ब्राउन आणि शेफिल्डचा गिटारवादक सायमन हिंकलर यांना घेतले. गाणी होती, माणसे होती, ‘द कल्ट’च्या युरोप दौऱ्यात आधी वाजवण्याची संधीही होती. नाव नव्हते.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. जुनेच नाव वापरले असते तर समजूत उघड मोडली असती आणि एल्ड्रिचचा आवाज नसलेला बँड ‘सिस्टर्स’ म्हणून श्रोत्यांनी स्वीकारला नसता. पूर्ण नवे नाव घेतले असते तर पोस्टरवर ओळख शून्य. आयोजकाला प्रत्येक वेळी ‘हे पूर्वीचे सिस्टर्सवाले’ असे सांगत बसावे लागले असते. तिसरी वाट मधली: जुन्याची आठवण देणारे नवे नाव. त्यांनी ही तिसरी घेतली आणि २० जानेवारी १९८६ रोजी लंडनच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ क्लबात ‘द सिस्टरहुड’ म्हणून पहिला कार्यक्रम केला.

मधल्या नावाचा मोह समजतो, आणि जवळच एक यशस्वी उदाहरणही होते. ज्यांच्या आधी ते वाजवणार होते त्या ‘द कल्ट’चा गायक इयन ॲस्टबरी १९८१ ते ८४ या काळात ‘सदर्न डेथ कल्ट’, मग ‘डेथ कल्ट’, मग ‘द कल्ट’ असा एकेक शब्द गाळत आला होता आणि श्रोते प्रत्येक पायरीवर सोबत राहिले. फरक इतकाच, की ‘कल्ट’वर वेगळा बँड काढून हक्क सांगणारा दुसरा कोणी समोर उभा नव्हता. ‘सिस्टर्स’च्या बाबतीत तो होता आणि त्याच्याकडे स्वतःचे लेबल होते.

आमच्या मते चूक इथे झाली. मधले नाव दोन्हीकडून नुकसान करते. जुन्या लौकिकाचा फायदा घ्यायला ते पुरेसे जवळ असते, म्हणून ‘फसगत’ या मुद्द्यावर दाव्याला जागा मिळते. आणि स्वतःचा लौकिक उभा करायला ते पुरेसे वेगळे नसते.

दुसरा निर्णय: एल्ड्रिच

त्याच्यापुढेही तीन वाटा. एक, काही न करणे. मग वर्षभरात ‘सिस्टरहुड’ हेच ‘सिस्टर्स’चे वारस म्हणून रुजले असते. ॲडम्सचा बेस आणि हसीची गिटार तिकडे असल्यामुळे ते सहज पटलेही असते. दोन, न्यायालय. पण ज्या भागीदारीच्या लौकिकावर दावा उभा करायचा, त्या भागीदारीत समोरचे दोघेही होते. ‘हे नाव माझे’ असे म्हणताच ‘आमचेही’ हे उत्तर आले असते, वर नुकसानभरपाईची हमी डोक्यावर बसली असती. निकाल कोणत्याही बाजूला जाऊ शकला असता.

तिसरी वाट कोणाच्या डोक्यात सहसा येत नाही. ज्या नावावर समोरचा उभा आहे, तेच नाव आपण आधी तबकडीवर छापायचे. नव्या नावावर अजून कोणाचाच फारसा लौकिक नव्हता. क्लबमधल्या एका कार्यक्रमाने तो शेकडो लोकांपुरता तयार होतो. देशभर दुकानांत गेलेली सिंगल तो हजारो लोकांपर्यंत नेते आणि विक्रीचा कागदोपत्री पुरावाही ठेवते. एल्ड्रिचने ही वाट घेतली. ‘द सिस्टरहुड’ या नावाने ‘गिव्हिंग ग्राउंड’ ही सिंगल ‘मर्सिफुल रिलीज’वर जानेवारी १९८६मध्येच निघाली आणि स्वतंत्र लेबलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

त्या तबकडीवर गाणारा आवाज एल्ड्रिचचा नाही, जेम्स रेचा आहे. मोठ्या कंपनीशी बांधलेला गायक दुसऱ्या नावाखाली गायला की कंपनी विचारपूस करते. निर्माता म्हणून मागे उभा राहिला तर वाद कमी. शिवाय इथे ‘द सिस्टरहुड’ या नावाचा ताबा घ्यायचा होता, आणि त्यासाठी कोणाचाही आवाज चालणार होता.

तबकडीची घाई

ही चाल जमली ती लेबल हाताशी असल्यामुळे. त्या काळी सिंगल काढायची म्हणजे काय, ते पाहिले की हे लक्षात येते. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण झाल्यावर टेप कटिंगसाठी जाते. तिथे लाखेचा लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात आणि सोलून उलटा साचा काढतात. त्यावरून सुलटी प्रत, तिच्यावरून पुन्हा उलटा साचा, आणि तो दाबयंत्रात बसतो. मग चाचणीच्या काही प्रती येतात. त्या ऐकून मंजूर करायच्या, तबकडीवर चिकटवायची कागदी लेबले आणि पाकिटे छापून घ्यायची, वितरकाला तारीख द्यायची. कुठेही अडले तर आठवडे जातात: कटिंगमध्ये खोल आवाज जास्त भरला की सुई उडते आणि पुन्हा कापावे लागते, पाकिटांची छपाई उशिरा आली की तबकड्या तयार असूनही गोदामात पडून राहतात.

स्वतःचे लेबल असलेल्या माणसाला या साखळीतला प्रत्येक दुवा आधीच ओळखीचा असतो. कोणाची परवानगी लागत नाही. हसी आणि ॲडम्स यांना आधी लेबल शोधायचे होते. त्यांची पहिली तबकडी ‘चॅप्टर २२’ या छोट्या लेबलवर मे १९८६मध्ये आली, म्हणजे चार महिने मागे.

पंचवीस हजार पौंड

घाईमागे नावापलीकडचेही एक कारण एल्ड्रिचने सांगितले आहे: गीतप्रकाशनाच्या करारातली २५,००० पौंडांची आगाऊ रक्कम, जी आधी तबकडी काढणाऱ्या बाजूला मिळणार होती. जुलै १९८६मध्ये त्याने ‘द सिस्टरहुड’ नावाने ‘गिफ्ट’ हा अल्बम काढला. त्यात ‘द गन क्लब’मधून आलेली पॅट्रिशिया मॉरिसन, ‘सुइसाइड’चा ॲलन व्हेगा आणि ‘मोटरहेड’चा सुरुवातीचा ड्रमवादक लुकस फॉक्स होते. अल्बमच्या पहिल्या गाण्यात दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य असे आकडे उच्चारले जातात. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. हॅम्बुर्गला राहणाऱ्या माणसाने हा शब्द सहज निवडला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

बँडच्या लोकांनी इथे एक भेद लक्षात ठेवावा. ध्वनिमुद्रणाचा करार आणि गीतप्रकाशनाचा करार वेगळे असतात. पहिला आवाजाच्या तबकडीचा, दुसरा गाण्याच्या रचनेचा. बँड फुटला तर पहिल्यात कंपनी कोणत्या सदस्याला धरून ठेवू शकते याची कलमे असतात आणि दुसऱ्यात न वटलेली आगाऊ रक्कम कोणाकडे जाते याची. सही करताना सगळे पहिला वाचतात. दुसरा वाचायचा राहून जातो.

निष्पत्ती

फेब्रुवारी १९८६मध्ये हसीच्या बँडने ‘द मिशन’ हे नाव घेतले. त्यालाही काटा होताच: एल्ड्रिचच्या मनातल्या पुढच्या अल्बमचे नाव होते ‘लेफ्ट ऑन मिशन अँड रिव्हेंज’. तरी हे नाव टिकले. ‘सर्पंट्स किस’ मेमध्ये आणि ‘गार्डन ऑफ डिलाइट’ जुलैमध्ये निघाली, मग मोठ्या कंपनीशी करार झाला, आणि नोव्हेंबर १९८६मध्ये ‘गॉड्स ओन मेडिसिन’ हा पहिला अल्बम आला. तो ब्रिटिश यादीत १४व्या क्रमांकावर गेला. जुन्या बँडचा पहिला अल्बम पोहोचला होता, नेमका तिथेच. १९८८चा ‘चिल्ड्रन’ तर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

एल्ड्रिचने ‘सिस्टरहुड’ हे नाव त्यानंतर वापरले नाही. सप्टेंबर १९८७मध्ये त्याने ‘दिस करोजन’ काढले ते थेट ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ या जुन्या नावाने. निर्मितीत जिम स्टाइनमन, मागे भव्य समूहगान, ब्रिटिश यादीत सातवा क्रमांक. नोव्हेंबरमध्ये आलेला ‘फ्लडलँड’ नवव्या क्रमांकापर्यंत गेला. छायाचित्रांत दोघेच, एल्ड्रिच आणि मॉरिसन. आणि अर्थात डॉक्टर ॲव्हलांश. ‘कोणीच वापरायचे नाही’ ही समजूत तोवर विरून गेली होती. हसी आणि ॲडम्स यांच्याकडे तेव्हा स्वतःचे चालते नाव होते, त्यामुळे जुन्यासाठी लढण्यात त्यांचा फायदाही उरला नव्हता.

दोन्ही बाजू उभ्या राहिल्या, हे खरे. पण यामुळे प्रकरण बिनखर्चाचे ठरत नाही. चाली रचणारा आणि शब्द लिहिणारा यांची ती जोडी एकाच अल्बमवर संपली. ‘फ्लडलँड’ आम्हाला अतिशय आवडतो, तरी ‘मरियन’सारखे गाणे, हसीची चाल आणि एल्ड्रिचचे शब्द, पुन्हा झाले नाही याची हळहळ राहतेच. आणि ज्या ‘सिस्टरहुड’ नावासाठी धावाधाव झाली, ते १९८६च्या उन्हाळ्यानंतर दोघांपैकी कोणालाच नको होते.

वेगळे काय करता आले असते

कागद करण्याची सर्वांत सोपी वेळ एप्रिल १९८५ होती. मार्क्स बाहेर पडला तेव्हा अल्बम विकला जात होता, उरलेले तिघे एकमेकांशी बोलत होते आणि एक सदस्य जाताना काय काय सुटते हे समोर दिसत होते. त्या आठवड्यात एक पान पुरले असते. नाव कोणाचे. बाहेर पडणाऱ्याला जुन्या तबकड्यांचा वाटा किती आणि किती काळ. चिन्ह आणि यंत्रातले ताल कोणाकडे. जाहिरातीत ‘पूर्वीचे अमुक’ असे किती महिने आणि किती मोठ्या अक्षरात लिहायचे. अक्षराच्या आकारापर्यंत जाणे कोणाला बालिश वाटेल, पण पोस्टरवरचे भांडण बहुतेक वेळा त्यावरूनच पेटते.

त्या पानावर या प्रकरणाने शिकवलेले एक कलम हवेच: मूळ नाव, त्याचा कोणताही भाग, किंवा श्रोत्याचा घोटाळा होईल असे मिळतेजुळते नाव. ‘हे नाव वापरायचे नाही’ एवढेच लिहिले तर समोरचा ‘सिस्टर्स’ सोडून ‘सिस्टरहुड’ घेतो. आणि मुदत हवी. ‘कोणीच कधीच नाही’ हे कलम पाळले जात नाही, कारण लौकिक असलेले नाव पडून राहणे कोणालाच परवडत नाही. त्यापेक्षा एकाने ठेवावे आणि दुसऱ्याला मोबदला द्यावा.

हसीच्या बाजूने पाहिले तर आधी तबकडी काढून शर्यत जिंकता आली असती का? चाली तयार होत्या, त्यामुळे कदाचित. पण जिंकूनही तो वादग्रस्त नाव घेऊनच चालला असता. ‘द मिशन’ हे नाव पहिल्या कार्यक्रमालाच घेतले असते तर फार काही गेले नसते. नाव बदलल्यानंतर तीनच महिन्यांत आलेल्या ‘सर्पंट्स किस’चे जे स्वागत झाले, त्यावरून श्रोते नावामागे नव्हे, माणसांमागे आले होते हे दिसते.

तिथेही एक पायरी चुकलीच. अमेरिकेत ‘द मिशन’ नावाचा एक बँड आधीपासून होता. त्यामुळे तिकडे यांना ‘द मिशन यूके’ म्हणून तबकड्या काढाव्या लागल्या. घाईत घेतलेले नाव घरच्या बाजारातच तपासले जाते, हा अनुभव इतर बँडांनाही आहे.

एल्ड्रिचची चाल डावपेच म्हणून अचूक होती. पण तिच्यासाठी लागणारी साधने, म्हणजे स्वतःचे लेबल, छपाई-दाबाची ओळख आणि वितरक, फार थोड्या गायकांकडे असतात. ती नसताना कोणी ही वाट धरली तर तबकडी गोदामात आणि नाव समोरच्याकडे, अशी गत होईल.

महाराष्ट्रात बँड किंवा वाद्यवृंद चालवणाऱ्यांसाठी एक जोड. भारताचा १९३२चा भागीदारी कायदा याच इंग्रजी कायद्याच्या वळणाचा आहे. कागद नसला तरी भागीदारी ठरू शकते, गुडविल कलम १४नुसार भागीदारीच्या मालमत्तेत येते, आणि मोडलेल्या भागीदारीचे नाव दुसऱ्याने वापरू नये यासाठी कलम ५३चा आधार घेता येतो. सेवांसाठी ट्रेडमार्कची सोय आपल्याकडे १९९९च्या कायद्याने आली आणि तो लागू झाला सप्टेंबर २००३मध्ये. कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, ध्वनिमुद्रणासाठी वर्ग ९. दोन्ही लागतात, कारण इथे दाखवलेल्या प्रकरणात एक बाजू मंचावर होती आणि दुसरी तबकडीवर. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर २०१७च्या नियमांनुसार शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. अर्जदार म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हे सर्वांनी एकत्र बसून आणि सह्या करून ठरवावे. बाहेर पडलेल्या दोघांनीच करून घेतलेली नोंदणी ‘सॅक्सन’च्या खटल्यात टिकली नव्हती.